बैलाला फॉलोअर किती?

ऐकलंत का? भिवंडीकडे म्हणे आता सोयरीक जुळवताना मुलाच्या गोदामाचं भाडं नंतर विचारतात, दावणीच्या बैलाला फॉलोअर किती ते आधी! अजून विचारत नसतील, पण येत्या लगीनसराईत नक्की विचारतील, लावा पैज.

कलियुग म्हणायचं ते यालाच. बैलाचं इन्स्टाग्राम खातं! त्यावर तो स्वतः बोलतो, 'भेटू मैदानात' म्हणून दम देतो. घरात आजी दहादा फोन करते, नातू उचलत नाही. बैलाला मेसेज टाका, मिनिटात उत्तर!

याची पाळंमुळं, नवल म्हणजे, बंदीत आहेत. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये त्या परत सुरू करायला राज्याने कायदा केला, तोही कोर्टात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला वाट मोकळी झाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानेही शिक्का मारला. मधल्या सात वर्षांत इंटरनेट स्वस्त झालं. परत मैदान भरलं तेव्हा प्रेक्षकाच्या हातात टोपी नव्हती, मोबाइल होता. त्यात सरकारची अटच अशी, की शर्यतीचं चित्रीकरण करा. पोरांना आयतंच निमित्त मिळालं!

आपल्या ठाणे-रायगडात बिनजोडचं वेड. दोनच छकडे सोडायचे, पुढे जाईल तो राजा. सगळा खेळ काही सेकंदांचा, डोळा चोळेपर्यंत गुलाल उडतो. एवढ्यात पेज कसं वाढणार? म्हणून मग ड्रोन, स्लो मोशन, मागे ढोलाचा दणका. तरीही नुसत्या विजयांना लोक कंटाळतात, हे एका चाणाक्ष पोराच्या लक्षात आलं असणार. कारण हल्ली जास्त चालतो तो गोठा. पहाटेची मालिश, पोहणं, दूध-अंड्यांचा खुराक. घरच्या माणसाला चहात दूध मोजून, आणि हा बादलीत तोंड घालून पितोय, आणि जग बघतंय! मला विचाराल तर तेच खरं बघण्यासारखं असतं. ड्रोनमधून सगळे बैल सारखेच.

पण खरी कुजबुज आहे ती पैऱ्याची. पैरा म्हणजे जोडीला जुंपायचा दुसरा बैल. पूर्वी चाल जुळते का, खांद्याला खांदा लागतो का, एवढंच बघायचे. आता आधी त्याचं पेज उघडतात! 'याच्यासंगं पळवला तर आपले पण वाढतील.' पळायचं कुणी, बैलांनी की फॉलोअरांनी? कल्याणचा मथुर, मुळशीचा बकासूर ही नावं नटांसारखी पोरांच्या तोंडी बसलीत. 2023 मध्ये पैलवान चंद्रहार पाटलांनी भरवलेल्या सांगलीकडच्या भाळवणीच्या मैदानात बकासूर-महिब्याने थार गाडी जिंकली, तेव्हापासून तर गावोगाव प्रत्येक खोंडात थार दिसायला लागली. ज्याला अजून वेसणीची सवय नाही, त्याचाही 'लवकरच मैदानात' म्हणून व्हिडिओ!

एक आतली गोष्ट सांगते, माझं नाव पुढे करू नका. नियमात चाबूक नाही, काठी नाही, विजेचा शॉक तर नाहीच. मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आता हजारभर कॅमेरे लागलेले, म्हणजे लपवायला जागाच नाही, हो ना? तर मग काही रील नेमक्या छकडे सुटण्याच्या क्षणी एकदम आकाशाकडे का वळतात, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि कळस ऐका. वाढदिवस! जन्मतारीख कुणाला ठाऊक, म्हणून पेज उघडलं तोच दिवस धरला. बॅनरवर बैल मधोमध, खाली भाऊ, दादा, शेठ अशा पासपोर्ट फोटोंच्या रांगा. मलईचा केक तोंडापुढे धरला. बैलराजाने हुंगला, नाक फुरफुरलं आणि भाऊंच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाला पुसलं. रीलमध्ये तेवढंच कापलंय!