सीमा १९५६ ची, वाट त्याआधीची

सह्याद्रीची धार धरून लांब पल्ल्याची एक सलग पायवाट असावी आणि ती पुढे गोव्यात, कर्नाटकात न्यावी, हा विषय डोंगरात फिरणाऱ्या मंडळींत अधूनमधून निघतोच. निघाला की पाठोपाठ शंका येते : राज्याची हद्द ओलांडून वाट न्यायची कशी? वाईत बसून ही शंका ऐकवत नाही. हद्द ओलांडणारी एक पायवाट दरवर्षी आमच्या सांगली-सातारा जिल्ह्यांतून जाते. तिच्याकडे बघायचं आपल्याला सुचलेलं नाही, एवढंच.

अंकली हे बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी तालुक्यातलं गाव. तिथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून दरवर्षी ज्येष्ठात माउलींचे अश्व निघतात. मिरज-सांगलीवरून सातारा जिल्हा ओलांडत, दहा-अकरा दिवस चालत, ते आळंदीला पोचतात. दोन घोडे असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, कारण ती जागा माउलींची. रिंगणात धावणारे हेच ते घोडे. टीव्हीवर आपण त्यांना धावताना बघतो. त्याआधी ते कर्नाटकातून इथवर पायी आलेले असतात, हे मात्र अनेकांच्या गावीही नसतं.

ही व्यवस्था लावली हैबतबाबांनी. ते साताऱ्याजवळच्या आरफळचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं आणि शितोळ्यांनी घोडे, तंबू, सेवेकरी दिले. आरफळचा माणूस, अंकलीचे घोडे, आळंदीच्या पादुका आणि पंढरीचा रस्ता. यांना एकत्र बांधताना कोणत्या मुलखातून कोणत्या मुलखात जातोय, हा प्रश्न कोणी घातला नाही. मुक्काम कुठे पडणार आणि तिथे भाकरी कोण घालणार, हे प्रश्न मात्र नक्की घातले असणार. त्यांची उत्तरं गावोगाव मिळाली, म्हणून ती वाट आजही चालू आहे.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. भाषावार राज्यरचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून सीमाभागातल्या मराठी माणसाची वेदना आपण सगळे जाणतो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून निकालात निघालेला नाही. वाद तापला की पहिली झळ एसटीला बसते. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या होत्या. बेळगाव आणि विजयपूरकडच्या दिंड्या मात्र आषाढीला येतच राहिल्या, गोव्यातून येणारेही येत राहिले आणि अंकलीचे अश्वही. ज्या वाटेवरच्या गावांना ती वाट आपली वाटते, ती सरकारी हद्दीने तुटत नाही. हे भाबडेपणाने म्हणत नाही. जवळजवळ सत्तर वर्षांचा अनुभव समोर आहे.

बाहेरच्या जगात उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटरची. जॉर्जियापासून मेनपर्यंत ती १४ राज्यांतून जाते. बेंटन मॅके यांनी १९२१ साली ती सुचवली आणि १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली. १९९४ साली तिला हद्दीपलीकडे कॅनडात नेण्याची कल्पना मांडली गेली. तर्क भूगर्भशास्त्राचा होता : खंड जोडलेले होते तेव्हाची ही एकच पर्वतरांग, मग तिचे तुकडे जिथे जिथे गेले तिथे तिथे वाट न्यावी. त्या तर्काने ती न्यूफाउंडलंडला गेली, स्कॉटलंडला गेली, थेट मोरोक्कोपर्यंत तिचं नाव पोचलं. कल्पना भव्य आहे आणि मला आवडतेही. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल बघा. तिचं उत्तर टोक कॅनडाच्या हद्दीवर आहे. चालत चालत तिथून कॅनडात शिरण्याचा खास परवाना वर्षानुवर्षं मिळत असे. २०२५ च्या सुरुवातीला कॅनडाने तो बंद केला. मेक्सिकोच्या हद्दीपासून चार हजारांवर किलोमीटर चालून आलेला माणूस आता सीमेवरच्या खांबाला हात लावतो आणि मागे फिरतो. दोन मित्रदेशांतली वाट एका कार्यालयाच्या निर्णयाने संपली, कारण हद्दीवरचा तो तुकडा मुळातच परवान्याच्या आधारावर उभा होता.

आपल्याला जिंजीचं कौतुक आहे आणि असायलाच हवं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतली जिंजी. आमच्या शेजारचा प्रतापगडही त्यात आहे. पश्चिम घाटाला २०१२ साली हाच मान मिळाला तोही चार राज्यांत मिळून, त्यात आपलं कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहे. म्हणजे कागदावर आपण हद्द ओलांडली आहे, तीही दोनदा. जमिनीवर काय? पश्चिम घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवायला केंद्राने जुलै २०२४ मध्ये सहावा मसुदा काढला. सहावा! राज्यं आपापली गावं वगळा म्हणून भांडताहेत. या पद्धतीने वाट आखायला गेलं, तर आपली नातवंडंही तिच्यावर पाय ठेवणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वाट वरून खाली आखू नका, मुक्कामापासून मुक्कामापर्यंत जोडत न्या.

वाईपासूनच सुरू करू. गावाच्या वायव्येला केंजळगड. त्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या चढून माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला वाई तालुका, दुसऱ्या बाजूला भोर. इकडचं पाणी कृष्णेला, तिकडचं नीरेला. सातारा आणि पुणे जिल्ह्यांची हद्द पायाखाली असते. तिथून धार धरून रायरेश्वरावर जाता येतं. पठारावर जंगम मंडळींची घरं आहेत, पिढ्यान् पिढ्यांची. चालणाऱ्याला चहा, पिठलं-भाकरी आणि रात्रीचा निवारा तिथे मिळतो. ही झाली वाटेची पहिली अट : माणूस राहतो तिथे वाट राहते. इकडे धोम, बलकवडी ओलांडून जोरपर्यंत गेलं की खोरं संपतं आणि महाबळेश्वरची भिंत उभी राहते. तिच्यावरून चढणाऱ्या जुन्या वाटा गावकऱ्यांच्या पायाखालच्या आहेत. त्या वाटा जाणणारी माणसं आता म्हातारी झाली. त्यांच्याबरोबर एकदा चालून या वाटा नोंदवून ठेवायला कोणत्या राज्याची परवानगी लागते?

महाबळेश्वरच्या दक्षिणेला खरी परीक्षा आहे. मधुमकरंदगडापुढे वासोटा, तिथून कोयनेचं जंगल, पाथरपुंज, प्रचितगड, चांदोली. हा सगळा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा, २०१० साली जाहीर झालेला. बामणोलीहून शिवसागरातून बोटीने वासोट्याला जायचं तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं. मुक्कामाला मनाई आहे. लांब पल्ल्याचे हौशी इथे चिडतात. सलग वाट हवी, मग गाभ्यातून सूट द्या, म्हणतात. मी देणार नाही, आणि वनखात्यानेही देऊ नये.

कारण सांगतो. कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापासून गोवा, तिलारी, राधानगरीमार्गे सह्याद्रीपर्यंत वाघ ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी दाखवलं आहे. सीमा ओलांडणारी खरी लांब पल्ल्याची वाट आज त्यांची आहे. ती जेमतेम जिवंत आहे. आणि दुसरं कारण त्याहून जवळचं. कोयनेच्या पाण्यासाठी आणि चांदोलीच्या धरणासाठी, जंगलासाठी इथल्या माणसांनी गावं सोडली. देवळं, शेतं, पूर्वजांची थडगी मागे टाकून ती खाली पुनर्वसनात आली. ज्यांना तिथे घर ठेवता आलं नाही, त्यांच्या जागेवर आपण तंबू ठोकायचा? वाटेने गाभा सोडावा आणि पाटणच्या, शिराळ्याच्या गावांतून खालून जावं. दोन दिवस जास्त लागतील. लागू देत. त्या दोन दिवसांचे पैसे त्या घरांत जातील.

पुढे आंबा घाट, गगनबावडा, आंबोली आणि मग चोर्ला. तिथे तीन राज्यं एकमेकांना भिडतात : आपला दोडामार्ग, गोव्याचं म्हादई अभयारण्य, कर्नाटकाचं भीमगड. म्हादईच्या पाण्यावरून तिथे तंटा आहे, पण जंगल एकच आहे. तिन्ही वनखात्यांनी मिळून चालणाऱ्यांसाठी एकच परवाना, एकच शुल्क आणि गटाच्या आकाराची एकच मर्यादा ठरवावी, एवढं जरी केलं तरी अर्धं काम झालं.

एक भीती मात्र मला झोपू देत नाही. वाट म्हटलं की आपल्याकडे ठेकेदाराला रस्ता दिसतो. पालखी मार्ग चौपदरी झाला. वारकऱ्यांसाठी कडेने चालायची सोयही ठेवली, हे मान्य. पण सावली देणारी जुनी झाडं गेली आणि आषाढाच्या उन्हात डांबर तापतं, ते अनवाणी पायांना विचारा. वाईकडे येताना सुरूरच्या रस्त्यावर वडांची रांग लागते. रुंदीकरणाचा विषय निघाला की पहिली नजर तिच्यावरच जाते. डोंगरावर हेच करायचं असेल, काँक्रीटच्या पायऱ्या, रेलिंग, माथ्यावर सेल्फी पॉइंट आणि पायथ्याला जमीन सपाट करून रिसॉर्ट, तर ती वाट न झालेली बरी. जुलै २०२१ मध्ये वाई आणि पाटण तालुक्यांत दरडी कोसळून माणसं गेली. उतार कापायचा नसतो, हे तेव्हापासून तरी आपल्याला कळायला हवं होतं.

ॲपलाचियन ट्रेलची देखभाल आजही मुख्यतः तीसेक स्वयंसेवी मंडळं करतात. प्रत्येकाला आपापला तुकडा वाटून दिलेला आहे. पडलेली झाडं बाजूला करणं, पाणी वळवणं, झाडांवरचे पांढरे पट्टे पुन्हा रंगवणं, ही कामं शनिवार-रविवारी लोक येऊन करतात. आपल्याकडे ट्रेकिंगचे गट गावोगाव आहेत. कोणी दरीत पडलं तर रात्री-अपरात्री दोर घेऊन उतरणारी महाबळेश्वरची, साताऱ्याची मुलं आहेत. आपल्याकडे माणसांची उणीव नाही. तुकडे वाटून घेण्याची सवय तेवढी नाही.

तेव्हा वाई, सातारा, पाटण, शिराळा, चंदगड इथल्या मंडळांना विनंती आहे. गोव्याची हद्द कशी ओलांडायची याची बैठक नंतर घ्या. आधी आपल्या गावापासून शेजारच्या तालुक्यापर्यंतचा एक तुकडा घ्या. त्या वाटेवरच्या ग्रामसभेला विचारा, वाटाड्याला मोबदला द्या, पाण्याच्या जागा आणि मुक्कामाची घरं लिहून काढा, दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा ती वाट साफ करा आणि पुढच्या तालुक्याच्या मंडळाच्या हाती तिचं टोक द्या. बेळगाव-खानापूरला आणि गोव्यातल्या सत्तरीतही अशीच चालणारी माणसं आहेत. त्यांना आजच पत्र लिहा.