एक पौंड, टॉलरन्स शून्य

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने पीण्यात वर्ग काढू नये, असं बी. एड.च्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. तिथली पोरं शेक्सपिअर ड्रॉइंगसारखा वाचतात.

पीण्या म्हणजे बंगळूरच्या वायव्येला तुमकूर रस्त्यालगत पसरलेली हजारो लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत. वरून मेट्रो जाते. खाली लेथ, सीएनसी, पॉवर प्रेस आणि कटिंग ऑइलचा वास. माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या मुलांचे बाप टर्नर, फिटर, नाहीतर कर्ज काढून दोन मशिनी टाकलेले 'ओनर'. घरी कुणाची कन्नड, कुणाची तमिळ, एकदोघांची बेळगावकडची मराठी. इंग्रजीचा धसका मात्र सगळ्यांचा सामाईक.

कर्नाटकाच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या पोर्शियाचं दयेवरचं भाषण कविता म्हणून छापलेलं मी शिकवलं आहे. आगापिछा नाही, नाटकातून तेवढंच कापून काढलेलं. त्याच पुस्तकात विनायक कृष्ण गोकाकांचीही कविता होती. गोकाक मोठे कन्नड कवी, पण इंग्रजी शिकवलं पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि पुढे सांगलीच्या विलिंग्डनचे प्राचार्य झाले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शाळांतून कन्नडला पहिलं स्थान मिळावं म्हणून जी चळवळ पेटली, तिला नाव या इंग्रजीच्या प्राध्यापकाचंच. ते सांगलीत इंग्रजी शिकवू शकतात, तर मी मराठी माणूस पीण्यात का नाही, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

छंद सांगायला मला आपलं वृत्त उपयोगी पडतं. प्रमाणिकेत 'लगा' चार वेळा येतो, शेक्सपिअरच्या ओळीत पाच वेळा. फरक इतकाच की आपण लघुगुरू मोजतो आणि इंग्रज आघात. पाठीमागे खालची पॉवर प्रेस ठेका धरून असतेच. ती शेक्सपिअरपेक्षा नियमित आहे. तो मधूनच ठोका चुकवतो, आणि ऐकणाऱ्याचे कान टवकारतात ते तिथे. प्रेसने ठोका चुकवला तर कान टवकारतात ते ओनरचे.

दयेवरचं भाषण समजायला दया कुणी कुणावर करायची ते कळावं लागतं, म्हणून मी गोष्ट सांगायला बसलो. अँटोनिओने मित्रासाठी शायलॉककडून तीन हजार डुकाट घेतले, मुदत तीन महिने. न फेडल्यास अंगाचं एक पौंड मांस. आणि जहाजं आली नाहीत.

"सर, मालाचा इन्शुरन्स नव्हता?"

"सगळा पैसा समुद्रात लावून वर दुसऱ्यासाठी सही केली?" हे विचारणारीच्या घरी अशा एका सहीचे हप्ते अजून चालू आहेत.

इतर ठिकाणी मुलं पहिल्या पानावरच शायलॉकला खलनायक ठरवून मोकळी होतात. इथे तसं होईना. इथल्या प्रत्येक ओनरचं बिल कुठल्यातरी मोठ्या कंपनीत अडकलेलं असतं, आणि त्याच वेळी बँकेचा हप्ता दारात उभा असतो. म्हणजे तो सकाळी शायलॉक आणि दुपारी अँटोनिओ. लहान उद्योगांचं बिल फार तर 45 दिवसांत द्यावं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा 2006चा कायदा आहे. मुलांना तो पाठ होता. "पण केस टाकली की पुढची ऑर्डर गेली," हेही पाठ होतं. करार मोडू दिला तर परदेशी व्यापाऱ्यांचा व्हेनिसवर भरवसा राहणार नाही, हे अँटोनिओ स्वतःच मान्य करतो. ते वाक्य समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर आली नाही. उलट शेवटी शायलॉकची मालमत्ता जाते, धर्मही बदलायला लावतात, हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग दयेचं भाषण केलं कशाला?" चारशे वर्षं विद्वान याच प्रश्नाशी झटत आहेत, मी घड्याळाकडे पाहिलं.

खरी पंचाईत न्यायसभेत झाली. पोर्शिया म्हणते, मांस घे, पण बरोबर एक पौंड. केसभर जास्त नाही, कमी नाही, आणि रक्ताचा थेंबही नाही. मी मोठ्या नाट्यमय आवाजात हे वाचलं आणि टाळीची वाट पाहिली. सुट्टीत बापाच्या सीएनसीवर बसणारा एक मुलगा उठला.

"सर, टॉलरन्स किती?"

"म्हणजे?"

"प्लस-मायनस काही दिलंच नसेल तर तो जॉब बनूच शकत नाही. शायलॉकने सही करण्याआधीच ड्रॉइंग परत पाठवायला पाहिजे होतं."

तराजू शायलॉकने आपला आपण आणला होता, हे ऐकून वर्गाला जरा बरं वाटलं. त्याचं कॅलिब्रेशन झालं होतं का, यावर मात्र मतभेद राहिले. नाटकावर इतकी टीका वाचली, पण पोर्शियाचा डाव इतक्या नेमकेपणाने कुणी उलगडलेला मला आठवत नाही. ती कायदा मोडत नाही, फक्त टॉलरन्स शून्यावर आणते.

खंडेनवमीला इथे आयुधपूजेसाठी मशिनी बंद ठेवून झेंडू वाहतात. त्या दिवशी एका शेडमध्ये मुलांनी हा प्रवेश केला, इंग्रजी संवाद आणि कन्नड शेरे अशा बोलीत. शायलॉकच्या हातात शेडमधलाच वजनकाटा. ओनर मंडळी कोहळे फोडून येऊन खुर्च्यांवर बसली होती. प्रवेश संपल्यावर एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सार, त्या अँटोनिओच्या मालाचं पुढे काय झालं?"

शेवटच्या अंकात तीन जहाजं सुखरूप बंदराला लागतात, असं मी सांगितलं.

"लागणारच," ते म्हणाले. "मार्च एंड होऊन गेला ना."