लिनक्सवाल्यांच्या सभेला विषय कसा काढावा

महिन्याची सभा आठवड्यावर आली की लिनक्स यूजर ग्रुपच्या संयोजकाची झोप उडते. हॉल मिळालेला असतो, चहाचे सांगून झालेले असते, किल्ली कोणत्या शिपायाकडे आहे याचाही छडा लागलेला असतो. राहतो तो विषय. गटात विचारणा केली की सगळे म्हणतात, ‘काहीही चालेल.’ या उत्तराचा अर्थ अनुभवी संयोजक जाणतात: काहीही ठेवले तरी चालणार नाही. अशा संकटग्रस्तांसाठी प्रस्तुत मार्गदर्शन शास्त्रशुद्ध पद्धतीने सादर करण्यात येत आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. नव्वदच्या दशकात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची. डायलअपवरून एवढे मोठे काही उतरवून घेणे म्हणजे टेलिफोनच्या बिलापायी घरात भांडण, त्यामुळे सीडीला मोल होते. ती घरी नेऊन घातली की मॉडेम ओळखला जात नसे किंवा पडदा काळा पडत असे, आणि माणूस मुकाट्याने सभेला येत असे. विषय तोच घेऊन यायचा. आता मॉडेम गेले, पडदेही बहुधा उजळतात, आणि कोणत्याही आज्ञावलीवरचे व्याख्यान घरबसल्या फोनवर दिसते. मग शनिवारची दुपार मोडून, दोन बस बदलून हॉलमध्ये का यावे, याचे उत्तर विषयाच्या एका ओळीत द्यावे लागते.

पहिला नियम: ‘लिनक्सची ओळख’ हा विषय ठेवू नये. ठेवलाच तर वक्ता 1983 साली स्टॉलमनने जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून सुरुवात करतो, मिनिक्सवर विसावतो आणि 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीच्या 21 वर्षांच्या लिनस टॉरव्हाल्ड्सने ‘छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, फार मोठे काही नाही’ अशा आशयाचा संदेश टाकला, इथवर पोहोचेपर्यंत चहा येतो. समोरच्या बहुतेकांना ही कथा सत्यनारायणाच्या पोथीइतकी पाठ असते. ज्याला ती नवी असते तो मागच्या रांगेतला विद्यार्थी असतो, आणि तो मुळात लॅपटॉपचे वायफाय चालत नाही म्हणून आलेला असतो.

खरे तर त्याचे वायफाय हाच उत्तम विषय आहे. कार्डाला फर्मवेअर लागते, ते मुक्त नसते, म्हणून डेबियन हे लिनक्सचे वितरण वर्षानुवर्षे ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालत नव्हते. 2022 साली डेबियनच्या सदस्यांनी यावर रीतसर मतदान घेतले आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ते आत आले. तत्त्व मोठे की वायफाय मोठे, यावर दोन तास बोलता येते. शिवाय शेवटी एका मुलाचे वायफाय चालू झालेले असते, आणि तो पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

दुसरा नियम भांडणांविषयी. व्हीआय की ईमॅक्स, हा वाद पुणेरी मिसळ की कोल्हापुरी या जातीचा आहे: कोणाचेही मत बदलत नाही, पण सगळे जेवून जातात. दोन्ही संपादक 1976 सालचे. तेव्हापासून मुद्दे तेच आहेत, माणसे तेवढी बदलली. व्हीआयचाच वारस असलेल्या व्हिममधून बाहेर कसे पडावे, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न 2017 सालीच दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. म्हणजे या विषयाला श्रोत्यांची कमतरता नाही. सभेतून बाहेर पडता येईल याची मात्र शाश्वती नाही.

सिस्टिमडी, म्हणजे यंत्र सुरू होताना बाकीच्या सेवा उठवणारी व्यवस्था, हा विषय हॉलची मुदत संपायला अर्धा तास उरला असेल तरच काढावा. फेब्रुवारी 2014 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत ती घ्यावी की नाही यावर समसमान मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल सिस्टिमडीच्या बाजूने लागला. ज्यांना तो पटला नाही त्यांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. समिती, समसमान मते, अध्यक्षांचे मत आणि मग वेगळा संसार: ज्याने महाराष्ट्रातली एखादी सहकारी गृहनिर्माण संस्था जवळून पाहिली आहे, त्याला या प्रकरणाचा तांत्रिक भाग समजावून सांगावा लागत नाही.

चालू फॅशनच्या विषयांसाठी एकच कसोटी पुरे. वक्त्याला नम्रपणे विचारावे: ‘इंटरनेट बंद करून दाखवता येईल का?’ कॉलेजचे वायफाय पाहुण्याला लॉगिन देत नाही आणि आतल्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज नसते, तेव्हा प्रश्न व्यावहारिकही आहे. एआयवर बोलू इच्छिणाऱ्यांपैकी जो लामा.सीपीपी घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवर मॉडेल चालवून दाखवतो, त्याला वेळ द्यावा. इतरांना चहाला बोलवावे.

अपघात आणि अपहरणे हा विषयांचा सर्वांत सकस साठा. संयोजकाने मार्च 2024 मधले एक्सझेड प्रकरण अद्याप घेतले नसेल, तर हा परिच्छेद अर्धवट सोडून वक्ता शोधायला लागावे. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता. एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकले. दुसरा कोणी ‘नेटवर्क स्लो आहे’ म्हणून चहाला गेला असता. हा खोदत गेला आणि एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरच्या आत चोरदरवाजा सापडला. तो बसवणारा ‘जिआ टॅन’ नावाने दोन वर्षांहून अधिक काळ प्रकल्पात निमूटपणे काम करत होता. एकट्याने प्रकल्प सांभाळून थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास त्याने मिळवला, अधिकार मिळवले, आणि मग 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत माल घातला. या नावामागे कोण होते ते उघड झालेले नाही.

या विषयात रहस्य आहे, खलनायक आहे, अर्ध्या सेकंदाचा नायक आहे. मुख्य म्हणजे व्याख्यान चालू असतानाच अर्धे श्रोते आपापल्या लॅपटॉपवर आवृत्ती तपासू लागतात. ज्या सभेत श्रोत्यांची बोटे चालू लागली, तिचा विषय बरोबर निवडला होता असे समजावे.

मराठीचा विषय गटातले तरुण सदस्य सहसा सुचवत नाहीत, म्हणून तो संयोजकानेच रेटावा. त्या दिवशी एरवी कधी न दिसणारी माणसे येतात: छापखानेवाले, दिवाळी अंकाचे संपादक, जुन्या फॉण्टांतल्या फाइलींची वीस वर्षांची पुण्याई हार्ड डिस्कवर साठवून बसलेले डीटीपीवाले. त्या फाइली युनिकोडमध्ये कशा आणायच्या, एवढाच त्यांचा प्रश्न असतो, आणि तो कर्नलच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा अवघड आहे. सुरुवात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांपासून करावी. समुद्राचा रफार सगळ्यांना येतो, डोंगरातल्या दऱ्यांवर गाडी अडते. इनस्क्रिप्ट कळपाटावर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरकी रेघ, अशा तीन कळांत ‘ऱ्य’ उमटतो. हे पडद्यावर एकदा करून दाखवले की मागून ‘पुन्हा दाखवा’ असा आवाज येतो. त्याच ओघात लोहित हा मुक्त परवान्याचा देवनागरी फॉण्ट दाखवून घ्यावा, म्हणजे चोरीचे फॉण्ट वापरणाऱ्यांना नाव न घेता चिमटा बसतो.

एक विषय नेहमी खिशात असावा, कारण वक्ते आयत्या वेळी आजारी पडतात. त्यासाठी 2038 ची शिफारस आहे. 1 जानेवारी 1970 पासून सेकंद मोजणारा 32 बिटांचा जुना हिशेब भारतीय वेळेनुसार 19 जानेवारी 2038 रोजी सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी भरतो, आणि पुढच्या सेकंदाला असे यंत्र थेट डिसेंबर 1901 मध्ये जाऊन पडते. हा विषय तोपर्यंत शिळा होत नाही.

प्रोजेक्टर हा विषय कोणी ठरवत नाही, तो आपोआप ठरतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या सामर्थ्यावर बोलायला आलेल्या वक्त्याचा लॅपटॉप भिंतीवर काहीच दाखवत नाही, सहा जण सहा उपाय सुचवतात, आणि शेवटी कोणाच्या तरी बॅगेतून अडॅप्टर निघतो. या वीस मिनिटांत जेवढे ज्ञान खोलीत फिरते तेवढे पुढच्या तासात फिरत नाही. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये 5 मार्च 1975 रोजी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली सभा भरली, तेव्हाही ‘संगणकाचे भवितव्य’ असा विषय कोणी फलकावर लिहिला नव्हता. अल्टेअर 8800 नावाचे नवे यंत्र हाती आले होते, ते बघायला माणसे जमली. त्यांतला स्टीव्ह वॉझनियॅक घरी जाऊन जे बनवायला लागला, त्यातून पुढे ॲपल 1 झाला.

तेव्हा सर्व नियमांचा निकाल असा की सभेच्या मध्यभागी टेबल ठेवावे आणि टेबलावर एखादी अडलेली वस्तू. सध्या अशा वस्तूंना तोटा नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट लॅपटॉप घरोघरी निवृत्तीच्या वाटेवर आहेत. शाळांच्या संगणक कक्षांत तर ते ओळीने उभे आहेत. पुढच्या सभेचा विषय म्हणून ‘तुमचा जुना लॅपटॉप घेऊन या’ एवढेच छापावे, तारखेसोबत वारही लिहावा, आणि खाली ठळक अक्षरांत दोन सूचना द्याव्यात: फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घरूनच घेऊन यावा, आणि चार्जर विसरू नये.