आपली नसलेली मांजरं

अकोले तालुक्यात प्रवरेच्या कडेला एका निवृत्त गुरुजींची वस्ती आहे. चार एकर ऊस, थोडा कांदा, दोन गाई. मांजरं किती, असं कुणी विचारलं की गुरुजी म्हणतात, "एकही नाही." त्या वेळी अंगणात सात मांजरं उन्हाला पसरलेली असतात. "ती आपली नाहीत. ती नुसती इथं असतात."

या खुलाशाला खोटं म्हणता येत नाही. पहिली मांजर कुणी आणलीच नव्हती. कांद्याची चाळ भरली, चाळीत उंदीर आले, उंदरांमागून ती आली आणि कडब्याच्या गंजीत व्याली. माणसाचं आणि मांजराचं नातंही असंच जुळलं असावं, असं शास्त्रज्ञ सांगतात. पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, कोठारांवर उंदीर आले, उंदरांवर रानमांजरं आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय. त्यात माणसाशेजारीच मांजर पुरलेलं आहे. ते मांजर आपलं आहे की नुसतं इथं असतं, यावर त्या माणसाचं काय म्हणणं होतं ते कळायला मार्ग नाही.

गुरुजींच्या मांजरांना नावं नाहीत. म्हणजे गुरुजींच्या मते त्या हजेरीसाठीच्या खुणा आहेत. पांढरी ती खडू, राखाडी तो डस्टर, चार-चार दिवस गायब असणारी तिरंगी ती खाडा, आणि कुणालाही न जुमानणारा, फाटक्या कानाचा थोराड बोका म्हणजे केंद्रप्रमुख. (तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. केशरी आणि काळ्या रंगाचा वारसा एक्स गुणसूत्रावरून येतो आणि दोन्ही रंग एकत्र यायला सहसा दोन एक्स लागतात. हे गुरुजी पाहुण्यांना चहाआधी सांगतात.) काकू मात्र सगळ्यांना 'मनी' म्हणूनच हाक मारतात आणि सगळी येतात, केंद्रप्रमुखसुद्धा.

एवढी मांजरं असताना उंदीर संपायला हवे होते. तसं झालं नाही. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून मोकाट मांजरांवर पाळत ठेवली होती. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: एवढ्या काळात मांजरांनी मोठे उंदीर मारले ते दोन. पुरा वाढलेला उंदीर उलटून चावतो, मग चिटुकला उंदीर किंवा चिमणी काय वाईट? अकोल्यात तर घूस आहे. केंद्रप्रमुख आणि घूस गोठ्याच्या मोरीपाशी एकदा समोरासमोर आले, तेव्हा दोघांनीही एकमेकांना वाट दिली.

तरी गुरुजी शेजाऱ्यांच्या बांधावर जाऊन उंदरांचं औषध टाकू नका म्हणून हात जोडून येतात. ब्रोमाडायोलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस पेंगत फिरतो. असा उंदीर म्हणजे आळशी मांजराला घरपोच जेवण, आणि त्यातून विष मांजराच्याही पोटात. शेजारी विचारतात, "मग तुमची मांजरं काय करत्यात?" या प्रश्नाला उत्तर नाही.

खाण्यापिण्याचा इतिहास निराळा. सुरुवातीला काकू धार काढली की वाटीभर दूध आणि त्यात भाकरीचा कुस्करा देत. मोठ्या मांजरांना बहुधा दुधातली साखर पचत नाही. त्याचा पुरावा कडब्याच्या गंजीमागे रोज मिळत असे. शिवाय मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, आणि ते मांस-मासळीत असतं, बाजरीत नाही. ते कमी पडलं तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सिद्ध झालं. जनावरांच्या डॉक्टरांनी हे समजावल्यापासून माळकरी गुरुजी बाजारच्या दिवशी सुकटवालीच्या पाटीसमोर उभे राहतात. ओळखीचं कुणी दिसलं की शेजारच्या मेथीचा भाव विचारतात.

संध्याकाळचं जेवण मात्र पाचच्या आत उरकतं आणि ताटल्या लगेच उचलल्या जातात. कारण उसात बिबट्या आहे. याच अकोले भागात बिबट्याची विष्ठा तपासून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के, आणि त्याखालोखाल मांजरं! वाघाची मावशी वगैरे नाती बिबट्याच्या बाजूने कुणी मान्य केलेली दिसत नाहीत.

खडू गंजीत जन्मली आणि माणसाचा हात लागायच्या आतच मोठी झाली. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाळलं तर माणसाळलं. पुढे फार अवघड. ती आजही गुरुजींपासून काठीभर अंतर राखते. मग गुरुजींनी कुठेसं वाचलं की मांजराकडे पाहत डोळे सावकाश मिटले, उघडले, तर ते जवळ येण्याची शक्यता वाढते. ससेक्स विद्यापीठाने २०२० मध्ये हे तपासलेलं आहे. गुरुजी रोज सकाळी बाजेवर बसून खडूकडे बघत पापण्या मिटू लागले. तिसऱ्या दिवशी गडी काळजीने म्हणाला, "गुरुजी, मोतीबिंदू दाखवून घ्या आता." खडूने मात्र एकदा उलट पापण्या मिटल्या, असा गुरुजींचा दावा आहे. काकूंच्या मते तिला झोप आली होती.

खरा प्रश्न पटसंख्येचा. मांजर नऊ आठवड्यांत विते, मागचं वेत अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची पोर पाच-सहा महिन्यांत माजावर येते. नुसतं खायला घालत राहिलं तर दोन वर्षांत शाळा भरते. सगळी पकडून लांब सोडावी, तर मोकळ्या जागेवर दुसरी येतात. उरला मार्ग एकच: पिंजऱ्यात धरायचं, शस्त्रक्रिया करायची, होतं तिथंच आणून सोडायचं. आदल्या रात्री उपास, पिंजऱ्यात सुकट, दार पडलं की वर गोणपाट, कारण अंधारात मांजर शांत राहतं. भुलीतच कानाचं टोक छाटतात, म्हणजे तीच मांजर पुन्हा टेबलावर जात नाही.

तालुक्याचे डॉक्टर गाई-म्हशींत बुडालेले, म्हणून खाडाची स्वारी भाजीच्या पिकअपमधून नाशिकला गेली. दवाखान्याच्या अर्जावर मालकाचं नाव विचारलं होतं. गुरुजींनी बराच वेळ पेन धरून विचार केला आणि काकूंचं नाव, काकूंचा नंबर लिहिला. संध्याकाळी काकूंना फोन आला, "मॅडम, तुमची खाडा शुद्धीवर आली." काकू वस्तीवर एकट्या होत्या. गुरुजी परतल्यावर जे बोलणं झालं, ते गड्याने ऐकलं, पण तो सांगत नाही.

माद्या झाल्या, डस्टर झाला, केंद्रप्रमुख राहिला. त्याला पिंजरा कळतो. डॉक्टर म्हणाले, दार दोरीने उघडंच बांधून ठेवा, आठवडाभर आतच खायला घाला, सवय झाली की दोरी सोडा. सवय झाली. केंद्रप्रमुख आता पिंजऱ्यातच जेवतो आणि जेवून तिथंच झोपतो. गडी रोज विचारतो, "सोडायची का दोरी?" आणि गुरुजी म्हणतात, "थांब जरा. पावसात भिजलाय, अशक्त वाटतोय. अजून चार दिवस खाऊ दे."