स्लिपअण्णा

पगाराचा मेसेज आला की आमच्या ऑफिसातली माणसं आधी मोबाइलकडे बघतात आणि मग अण्णांकडे. अण्णा स्टोअर्सचे. अकाउंट्सशी त्यांचा सुतराम संबंध नाही, पण सॅलरी स्लिप वाचावी तर अण्णांनीच. गुरुजी पत्रिका धरतात तशी ते ती लांब धरतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "बेसिक किती?" डावीकडच्या मिळकतीशी त्यांचा संबंध एवढाच. पुढचा सगळा मुक्काम उजवीकडे, कपातीत.

दोन वर्षांपूर्वी एक नवा मुलगा पहिली स्लिप घेऊन आला. ऑफर लेटरमधल्या पाच लाखांना बाराने भागून त्याने ४१,६६६ रुपये मनातल्या मनात खर्चूनही टाकले होते. खात्यात आले ३७,१४५.

"अण्णा, माझे साडेचार हजार गेले कुठे?"

"गेले म्हणू नये रे. पोचले म्हणावं." अण्णांनी पेन काढलं. "बेसिक १५,०००. त्याचे १२ टक्के, १,८०० पीएफ. तेवढेच कंपनी घालते. त्यातले १,२५० पेन्शनला, ५५० पीएफला."

"मग कंपनीचे माझ्या पगारातून का गेले?"

"कारण ते तुझ्या पाच लाखांतच धरलेत. आहेर त्यांचा, पाकीट तुझं! हे ७२१ ग्रॅच्युइटीचे. पाच वर्षं टिकलास तर दिसतील."

उरले २००. इथे अण्णांचा आवाज कीर्तनात उतरतो. "हा प्रोफेशनल टॅक्स. ७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमी सुरू झाली, तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली हा बसवला. पाझर तलावावर कुणी मातीचं घमेलं उचललं असेल, तर त्यात तुझे-माझे दोनशे आहेत." मुलगा पाठ ताठ करून जागेवर गेला.

अण्णांचा राग एकट्या फेब्रुवारीवर. अकरा महिने २०० आणि त्या महिन्यात ३००, कारण वर्षाचे २,५०० भरायचे असतात. "महिन्यांत सगळ्यांत धाकटा, आणि खिशात हात घालायला सगळ्यांत पुढे!"

जानेवारीत अण्णांचा सीझन. जुनी करप्रणाली धरून बसलेली मंडळी पावत्यांच्या पिशव्या घेऊन रांग लावतात. "एलआयसी, पीएफ, पोरांची फी, सगळं मिळून दीड लाख. त्यावर कितीही पुण्य केलंस तरी चित्रगुप्त लिहून घेत नाही." "बापाच्या नावाने भाडेपावती केलीस, पण भाडं देतोस का त्यांना?" यावर बरेच जण पाणी प्यायला जातात.

यंदा मार्चच्या स्लिपवर मात्र अण्णा एकटेच वाकून बसले होते. टीडीएसने निम्मा पगार नेला होता. सगळ्या ऑफिसचे पुरावे वेळेत लावून देताना त्यांची स्वतःची पिशवी स्टोअर्सच्या कपाटातच राहिली होती.

तोच मुलगा शेजारी येऊन बसला. स्लिप लांब धरून म्हणाला, "अण्णा, गेले म्हणू नये. रिटर्न भरलात की रिफंड येईल."

अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "येईल रे. तोवर चहाचे तू दे. आणि बिस्किटाचेही. सध्या माझा फेब्रुवारी चालू आहे."