यंदाचा कप आणि पुढची तारीख

महाविद्यालयीन फुटबॉलच्या येऊ घातलेल्या मोसमाबद्दल भाकिते करणारा चाहता सर्वत्र आढळत असला, तरी त्याचा सांगोपांग अभ्यास करू इच्छिणाऱ्याने बेळगाव-निपाणी हा सीमाभाग निवडणे सोयीचे ठरते, कारण आशा धरून बसण्याचा इतका प्रदीर्घ आणि कागदपत्रांनिशी सिद्ध होणारा सराव दुसऱ्या एखाद्या प्रदेशाला क्वचितच मिळाला असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात येऊन हा मराठीभाषक भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि तेव्हापासून ‘पुढची तारीख’ हे शब्द येथील घराघरांत चहा-साखरेइतक्या सहजपणे वापरले जातात. ज्याचे आजोबा, वडील आणि तो स्वतः ‘यंदा काहीतरी होणार’ या वाक्यावर वाढले, त्याला पहिल्याच फेरीत तीन गोलांनी झालेला पराभव हा पराभव वाटतच नाही. मोसम तहकूब झाला, एवढीच त्याची त्यासंबंधीची नोंद असते.

निपाणीच्या चाहत्याचे दुखणे कळण्यासाठी आधी त्याचा भूगोल समजून घ्यावा लागतो. तंबाखूच्या व्यापारामुळे आणि विडी कारखान्यांमुळे प्रसिद्धी पावलेले हे शहर कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. परंतु ज्या देवचंद महाविद्यालयाला निपाणीकर आपले कॉलेज म्हणतात, ते शहराला लागून असलेल्या अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, पर्यायाने महाराष्ट्रात आहे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. उलट निपाणीतच असलेले केएलई संस्थेचे जी. आय. बागेवाडी महाविद्यालय हे २०१० साली स्थापन झालेल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत येते. सकाळी कर्नाटकातल्या घरातून निघालेला विद्यार्थी महाराष्ट्रात तासाला बसतो आणि जेवायला पुन्हा कर्नाटकात येतो, याचे गावात कोणालाही नवल वाटत नाही. नवल वाटते ते फक्त फुटबॉलच्या चाहत्याला, कारण सायकलीने गाठता येईल इतक्या अंतरावरची ही दोन महाविद्यालये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत, म्हणजे एकाच विद्यापीठाच्या छत्राखालील महाविद्यालयांच्या स्पर्धेत, एकमेकांसमोर येऊच शकत नाहीत.

शिवाजी विद्यापीठात प्रथम कोल्हापूर, सांगली व सातारा अशा विभागांच्या स्पर्धा होतात, त्यांतून वर आलेले संघ आंतरविभागीय स्पर्धेत भिडतात आणि विद्यापीठाचा निवडक संघ पुढे भारतीय विद्यापीठ महासंघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला जातो. राणी चन्नम्मा विद्यापीठाचा संघ मात्र दक्षिण विभागात खेळतो. या रचनेचा निष्कर्ष असा निघतो की, एका गल्लीत वाढलेल्या आणि एकाच भिंतीवर चेंडू मारून शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्लेल्या दोन पोरांना अधिकृतपणे एकमेकांविरुद्ध खेळायचे असेल, तर दोघांनीही आपापल्या विद्यापीठाच्या संघात निवडून यावे, दोन्ही विद्यापीठांनी आपापला विभाग गाजवावा, आणि मग देशाच्या कुठल्याशा कोपऱ्यात अखिल भारतीय स्पर्धेत त्यांची गाठ पडावी. आशावादी चाहत्याचे सर्वांत भव्य भाकित नेमके हेच असते. स्वतःच्या गावातला सामना पाहण्यासाठी दोन रात्री रेल्वेत काढण्याची त्याची तयारी असते, रजेचा अर्जही मनात लिहून झालेला असतो, आणि त्या सामन्यात आपण कोणाच्या बाजूने ओरडायचे हा प्रश्न तो ‘तवा बघू की’ असे म्हणून राखून ठेवतो.

भाकितांचा हंगाम खेळाच्या हंगामाच्या बराच आधी, साधारणपणे जूनमध्ये, प्रवेशाच्या याद्या लागतात तेव्हा सुरू होतो. या काळात चाहत्याला संघाविषयी काहीही माहिती नसते आणि त्यामुळे त्याचा आत्मविश्वास शिखरावर असतो. माहिती वाढत जाते तसतसा तो उतरतो, हा या क्षेत्रातील बहुधा एकमेव सिद्ध झालेला नियम होय. प्रवेशांच्या बाबतीत त्याची भूमिका पालकांच्या नेमकी उलट असते. चपळ फॉरवर्डने, म्हणजे गोल करण्याची जबाबदारी असलेल्या पुढच्या फळीतील खेळाडूने, बारावीला पास व्हावे, पण फार चांगल्या गुणांनी होऊ नये, अशी त्याची प्रार्थना असते, कारण पोरगा अभियांत्रिकीला गेला की तो विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, म्हणजे १९९८ पासून बेळगावातच मुख्यालय असलेल्या पण पूर्णतः वेगळ्या विद्यापीठाच्या, स्पर्धांत दाखल होतो आणि पदवी महाविद्यालयाच्या दृष्टीने असून नसल्यासारखा होतो. त्याउलट बी.ए. झालेल्या बॅकने एम.ए.ला नाव घालावे यासाठी हा चाहता स्वतः मध्यस्थी करतो. समाजशास्त्राविषयी त्याला एरवी वाटत नसलेली आस्था या दिवसांत उफाळून येते. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची मर्यादा आहे, हे त्याला ठाऊक असते, परंतु आपल्या संघातील कोणाचे वय वाढू शकते, हे तो मान्य करत नाही.

निपाणीच्या बसस्थानकाजवळच्या एखाद्या चहाच्या टपरीवर जुलैच्या पावसात उभे राहिले, तर भाकित तयार होण्याची क्रिया जवळून पाहता येते. विडीच्या बंडलाचा कागद उलटा करून गुडघ्यावर पसरलेला असतो आणि त्यावर बॉलपेनाने अकरा ठिपके काढलेले असतात. हे ठिपके चार-तीन-तीन असे मांडलेले असतात, म्हणजे गोलीच्या पुढे चार बॅक, मध्ये तीन हाफ आणि वर तीन फॉरवर्ड. कागद ओलसर असल्याने डावा बॅक थोडा फुटून गोलीत मिसळलेला असतो, तरीही बचाव भक्कम असल्याचे सांगितले जाते. नावे मात्र आठच लिहिलेली असतात, उरलेल्या तीन जागी ‘नवीन’ असा एकच शब्द तीनदा असतो, आणि सगळी भिस्त त्या तिघांवर असते. शेजारचा तरुण ‘काय मामा, यंदा कसं?’ असे विचारतो, त्यावर ‘कप आपलाच हाय, बघ तू’ असे उत्तर येते. ‘गेल्या साली बी हेच म्हणालासा की,’ या आक्षेपाला ‘गेल्या साली पावसानं घोळ केला रे’ एवढे उत्तर पुरते. तो पाऊस प्रतिस्पर्ध्यांवरही तेवढाच पडला होता, हे टपरीवरचे कोणीही काढत नाही.

कागदावरच्या या संघाला अंतिम फेरीपर्यंत नेण्यासाठी जे गणित मांडले जाते, ते तीन संज्ञांवर उभे असते. पहिली ‘बाय’, म्हणजे संघांची संख्या जुळत नसल्यामुळे चिठ्ठ्या टाकून एखाद्या संघाला न खेळताच पुढच्या फेरीत घेणे. दुसरी ‘वॉकओव्हर’, म्हणजे प्रतिस्पर्धी मैदानावर आलाच नाही म्हणून विजयी ठरणे. आणि तिसरी ‘टायब्रेकर’, म्हणजे बरोबरी सुटली नाही तर अकरा मीटरवरून दोन्ही बाजूंनी पाच-पाच फटके मारून निकाल लावणे, आणि तेथेही बरोबरी राहिली तर एकेक फटका मारत जाऊन कोणी चुकेपर्यंत वाट पाहणे. चाहत्याच्या हिशेबाने पहिल्या फेरीत बाय मिळते, दुसऱ्या फेरीतील प्रतिस्पर्ध्यांची त्याच दिवशी अंतर्गत परीक्षा असल्याने वॉकओव्हर मिळतो, आणि उपांत्य फेरीत कोल्हापूरच्या बलाढ्य संघाला शून्य-शून्य असे रोखून टायब्रेकरवर काटा काढला जातो. अशा रीतीने नियमित वेळेत एकही गोल न करता संघ अंतिम फेरीत पोचतो. हे गणित नियमांना धरून आहे, त्यात चूक दाखवता येत नाही, आणि म्हणूनच ते धोकादायक आहे.

उपांत्य फेरीतील त्या बलाढ्य संघाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा मंडळांचे संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये शाहू स्टेडियमवर हजारो प्रेक्षकांसमोर खेळतात, आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधवही याच शहरातला. तालमीच्या संघातून खेळणारी पोरे शहरातील महाविद्यालयांतच शिकत असल्यामुळे महाविद्यालयीन सामन्यांत उतरतानाही त्यांच्या अंगात पेठेची ईर्षा मुरलेली असते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर. तेव्हा निपाणीचा चाहता रविवारी कोगनोळीचा टोलनाका ओलांडून शाहू स्टेडियम गाठतो, तालमीच्या ज्या फॉरवर्डसाठी घसा बसेपर्यंत ओरडतो, त्याच्याच पायात महाविद्यालयीन स्पर्धेच्या दिवशी गोळा यावा अशी इच्छा मनात धरतो, आणि या दोन निष्ठांमध्ये त्याला कोणताही विरोध जाणवत नाही. ज्याचे कॉलेज एका राज्यात आणि रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात, त्याला दोन निष्ठा सांभाळणे जड जात नसावे.

बेळगावचा चाहता निपाणीकराहून निराळा असतो. त्याच्या शहरात छावणी आहे, मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आहे, कॅम्पातील सेंट पॉल्स शाळेच्या मैदानावर भरणारी शालेय संघांची फादर एडी स्मृती स्पर्धा आहे, आणि चोर्ला घाट उतरला की फुटबॉलवेडा गोवा आहे. त्यामुळे तो गोव्याच्या मोजपट्टीने सगळे मोजतो. शालेय स्पर्धेत एखाद्या पोराने दोघांना चकवलेले पाहिले की त्याच संध्याकाळी तो त्याला कोणत्या महाविद्यालयात घालायचे ते ठरवून टाकतो. पोरगा अजून नववीत आहे, ही बाब तपशिलाची मानली जाते. टिळकवाडीच्या लेले मैदानावर पावसात सराव पाहताना लाल चिखलाने दोन्ही संघांचे सदरे एकाच रंगाचे झाले, तरी ‘काय खेळालेत रे आपली पोरं!’ हा उद्गार त्याला योग्य जागी काढता येतो, कारण गोल ज्याने मारला तो आपला, अशी त्याची सोपी कसोटी असते.

या दोघांच्याही वडीलधाऱ्यांपाशी एक ऐतिहासिक उपपत्ती असते. सीमारेषा १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखली गेली आणि बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. नेव्हिल डिसोझा या मुंबईकडून खेळणाऱ्या गोमंतकीयाने त्या सामन्यात तीन गोल केले आणि भारत स्पर्धेत चौथा आला, ज्याच्या वर तो ऑलिंपिक फुटबॉलमध्ये पुन्हा कधी गेला नाही. या दोन घटनांचा परस्परसंबंध इतिहासकारांनी तपासलेला नाही, हे खरे. परंतु टपरीवर तो सिद्ध मानला जातो. भारतीय फुटबॉलची उतरण सीमाभागावरील अन्यायानंतर लागली, तेव्हा एकाचा निकाल लागला की दुसऱ्याचाही लागेल, असे हे प्रमेय आहे, आणि त्याचा पडताळा घेणे कोणाच्याच हाती नसल्यामुळे ते आजवर कोणी खोडलेले नाही.

भाकित हे शास्त्र आहे असे मानणारे काही अभ्यासक २०१० च्या विश्वचषकातील पॉल नावाच्या ऑक्टोपसाचा दाखला देतात. जर्मनीतील ओबरहाउझेनच्या मत्स्यालयात राहणाऱ्या या प्राण्याने जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना यांचे निकाल अचूक सांगितले होते. सीमाभागातील चाहत्याला मात्र त्यात विशेष काही वाटत नाही, आणि त्याचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे: पॉलला जर्मनी हरणार असे सांगताना वाईट वाटले नाही, पुढ्यातला शिंपला खाऊन तो मोकळा झाला, आणि ज्याला वाईट वाटत नाही त्याचे भाकित बरोबर आले काय अन् चुकले काय. खऱ्या चाहत्याने पराभवाचे भाकित करून ते खरे ठरवणे, याला निपाणीत फितुरी म्हणतात.

यंदाच्या मोसमाविषयीची ताजी स्थिती अशी की, टपरीवरच्या कागदावरील तीन ‘नवीन’ खेळाडूंपैकी दोघांची नावे आता नक्की झाली आहेत. तिसरा, म्हणजे डाव्या पायाने खेळणारा विंगर, ज्याच्यावर सगळे गणित बेतलेले आहे, तो कर्नाटकातून पीयूसी, म्हणजे तिकडची बारावी, करून आलेला आहे. त्याने सीमेपलीकडच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, फी भरली, किटचे मापही दिले, परंतु विद्यापीठाची पात्रता मिळण्यासाठी लागणारे स्थलांतर प्रमाणपत्र बेंगळुरूहून अद्याप यायचे आहे, आणि ते आल्याखेरीज जिमखान्याचे सर त्याचे नाव यादीत घालायला तयार नाहीत. मामांनी रोज पोस्टमनची चौकशी चालवली आहे. तोपर्यंत भाकितातील संघ दहा जणांनीच खेळतो आहे आणि कालच्या हिशेबाप्रमाणे अंतिम सामना दोन-एक असा जिंकतो आहे.