ठासून भरलेलं प्रेम

बंदूक बाळगायची ती धाक बसावा म्हणून. माझ्या बंदुकीचा धाक आजवर एकाच प्राण्याला बसला आहे, आणि तो प्राणी म्हणजे मी. बाकी वानरं, रानडुकरं आणि आमची ही, यांच्यापैकी कोणाच्याही वागण्यात बंदुकीमुळे तसूभर फरक पडलेला नाही. तरी कोणी तिला नावं ठेवली की माझ्या कपाळाची शीर उठते. आमच्या हिचं म्हणणं असं, की बायकोला नावं ठेवल्यावर ती उठत नाही.

बंदूक ठासणीची. एकनळी, तोंडाकडून भरायची. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात वडिलांच्या नावे तिचा पीकसंरक्षणाचा परवाना होता. ते गेल्यावर घर, माड, दोन कुणगे आणि बंदूक माझ्याकडे आली. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. तो वाचल्यापासून मी गावात जरा ताठ चालतो. दस्त्याला चीर गेली आहे, तिथे तांब्याची तार गुंडाळली आहे. पुण्याचा भाचा तिला ‘मामाची रायफल’ म्हणतो. रायफलीच्या नळीला आतून पीळदार आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. माझ्या नळीला आतून काहीच नाही. छरे एकदा बाहेर पडले की आपापल्या मर्जीने पांगतात. पण भाच्याला मी हे कधी सांगितलेलं नाही. रायफल ऐकायला बरं वाटतं.

या बंदुकीची खरी गंमत भरण्यात आहे. आधी नळी आभाळाकडे करून उभी धरायची. मापट्यातून काळी दारू ओतायची, दस्त्यावर दोन थापा मारायच्या, म्हणजे ती तळाशी बसते. मग सोडणाचा काथ्या चुरगळून तोंडात कोंबायचा आणि गजाने ठासायचा. ठासताना सुरुवातीला थप् थप् आवाज येतो आणि दारू नीट दबली की गज टणकन उसळी मारतो. ही उसळी हाताला कळते आणि अंगावर मूठभर मांस चढतं. त्यावर छरे, छऱ्यांवर पुन्हा काथ्या, पुन्हा गज. शेवटी घोडा अर्धा ओढून खालच्या बोंडीवर बार पेटवणारी केप बसवायची. केप हरभऱ्याच्या डाळीएवढी आणि माझी बोटं खडू धरून जाड झालेली. निम्म्या केपा खाली पडतात. त्या शोधायला चष्मा लागतो, आणि चष्मा घरात असतो.

एवढं होईस्तोवर वानरांचं जेवण उरकलेलं असतं. छरे मी हल्ली घालतच नाही. वानराला इजा करायची तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि कायद्याच्याही आधी कोपऱ्यावरचा मारुती आडवा येतो. म्हणून नुसता आवाजाचा बार. पण वानरांना सगळं ठाऊक झालं आहे. मी नळी उभी केली की म्हातारा हुप्प्या माडावरून एकदा खाली बघतो आणि निवांत दुसरं शहाळं सोलायला घेतो. गज बाहेर काढला की पोरंबाळं गोळा होतात. केप बसली की टोळी शेजारच्या आवारात. बार निघतो तेव्हा माडावर फक्त झावळ्या असतात. कुंपणापलीकडून शेजारचे आबा विचारतात, “वांदर कधीच गेले, मास्तरानू. आता बंदूक कोणाक दाखवतास?”

शाळेत मी इतिहास शिकवायचो. 1857 चा धडा आला की एन्फिल्डचं काडतूस दातांनी तोडण्याचा अभिनय करायचो. एन्फिल्डही तोंडाकडूनच भरायची, पण कसलेला शिपाई म्हणे मिनिटाला तीन बार काढी. माझा एक बार निघेपर्यंत चहाला आधण येतं, चहा होतो आणि निवतो. मी स्वतःची समजूत घालतो ती फॉर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याची गोष्ट आठवून. त्याला पाखरांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरच्या कानात दारू भडकायची आणि मग बार निघायचा, तेवढ्यात पाखरं उडून जायची. वैतागून त्याने आघाताने पेटणाऱ्या दारूची युक्ती काढली आणि 1807 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच केप आली. थोडक्यात, माझ्या बंदुकीचा जन्मच शिकार निसटल्याच्या चिडीतून झालेला आहे. मी फक्त परंपरा राखतो.

एका मे महिन्यात मात्र मी चपळाई करायची ठरवली. आबांच्या फणसावर टोळी उतरली होती. मी भराभर दारू ओतली, काथ्या ठासला, पहिल्याच प्रयत्नात केप बसवली, खांद्याला दस्ता लावला आणि चाप ओढला. बार झाला तो नेहमीपेक्षा घोगरा. खांद्याला असा दणका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. समोर पांढऱ्या धुराचा पडदा, नाकात गंधकाचा वास, आणि धुरातून काहीतरी सूंऽ करत गेल्याचा आवाज. छरे तर घातले नव्हते. मग गेलं काय?

धूर विरला. वानरं जागेवरच होती. पळायचं विसरून सगळी एकाच दिशेला बघत होती. मीही तिकडे बघितलं. फणसाच्या बुंध्याला लागलेल्या सगळ्यात मोठ्या फणसात माझा गज आरपार घुसून थरथरत होता. ठासून झाल्यावर तो नळीतून काढायचा राहून गेला होता. आबा घरातून बाहेर आले, त्यांनी फणस बघितला, गज बघितला, मग मला नीट निरखलं आणि म्हणाले, “मास्तरानू, फणस काढूची ही खयची रीत?”

फणस कापा निघाला. आबांनी निम्मे गरे गजासकट पाठवून दिले. हिने एक गरा तोंडात टाकला आणि म्हणाली, “अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बंदुकीने घरात काहीतरी आणलं.” आबांच्या पडवीत कोणी बसलं असतं तर ही गोष्ट मला लिहून सांगावी लागली नसती, ती पेपरातच आली असती. नशीब एवढंच, की त्या दिवशी तिथे कोणी बसलं नव्हतं. रात्री ते आठवून मला दरदरून घाम फुटला. तेव्हापासून केप बसवण्याआधी मी गज मोठ्याने “गज!” असं म्हणून जमिनीवर ठेवतो. वानरं आता या आरोळीलाच उठतात. बार काढायची वेळ क्वचित येते.

असल्या बाबतीत आपण एकटे नसतो, हे इतिहासाने दिलेलं सुख. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या बहुतेक भरलेल्याच होत्या आणि कित्येकींत एकावर एक बार ठासलेले होते. एकीत तर तेवीस, अशी नोंद सांगतात. शत्रूची फौज समोर असताना शिपायांचं हे होत असेल, तर हुप्प्या समोर असताना निवृत्त मास्तरचं काय होणार!

भाद्रपदातली दुसरी कथा आणखी थोडक्यात संपते. भात लोंबीला आलं होतं, डुकरं कुणग्यात लोळून जात होती. मी माळ्यावर घोंगडी पांघरून बसलो. मध्यरात्री खाली गुरगुर ऐकू आली. घोडा ओढला, चाप दाबला. टिच्. पावसाळी हवेत केप सर्दावली होती. दुसरी लावली. टिच्. डुक्कर थांबलं, त्याने कान टवकारले आणि पुन्हा चरायला लागलं. शेवटी मी पत्र्याचा डबा बडवला. डबा तोंडाकडून भरावा लागत नाही.

बार निघाला की सेवा आलीच. काळ्या दारूची काजळी ओल ओढून घेते आणि रात्रीत नळी गंजते. म्हणून उकळतं पाणी नळीत ओतायचं, काळं पाणी निथळू द्यायचं, चिंधी फिरवायची आणि शेवटी तेलाचा हात. माझ्याकडे खोबरेल. “माझ्या केसांना नाही एवढं तेल हिच्या नळीला,” असं वाक्य घरात ऐकू येतं. निवडणूक लागली की बंदूक बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत काही ना काही लागलेलंच असतं, त्यामुळे तिची सरकारदरबारी हजेरी माझ्या नोकरीतल्या हजेरीपेक्षा चांगली आहे. गेल्या खेपेला पावतीवर लिहिलं होतं, ‘बंदूक एक, जुनी. गज एक, वाकडा.’ जमादारांनी वाकण्याचं कारण विचारलं. मी म्हटलं, शेतीकाम.

परवा गावातल्या एका तरुण बागायतदाराने सुचवलं, “सर, काडतुसी बंदुकीसाठी अर्ज करा. काडतूस घातलं, चाप ओढला, काम झालं.” त्याचं खरं आहे. पण मी विनयाने नको म्हटलं. आज बार चुकला की मी दारूला दोष देतो, केपेला देतो, पावसाला देतो, नळीला आटे नाहीत म्हणून नळीला देतो, आणि ती बिचारी सगळं ऐकून घेते. उद्या हातात चोख बंदूक आली आणि तरी हुप्प्या शहाळं सोलत राहिला, तर खापर फोडायला उरेल कोण?